सव्वाशेर अक्का

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शेतात कडब्याची छोटी खोपी, म्हणजे कोप, घालायची, पूजा करायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भज्जीला, म्हणजे डाळीचं पीठ लावून केलेल्या येळवशीच्या मिश्र भाजीला, ओले दाणे परातभर लागतात. सोलताना हात चालतात, डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्यात दुपारभर अक्काच होत्या.

अक्का म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेली शेजारीण. माहेर मुरुमचं, बोलणं निम्मं कानडी. गाव त्यांना मागून ‘सव्वाशेर अक्का’ म्हणायचं आणि त्यांना ते ठाऊक होतं. कुणी काही केलं की त्यावर अक्कांचं वरचढ असायचंच. मी नवी नवरी असताना आईच्या भाकरीचं कौतुक सांगितलं, पापुद्रा कसा टम्म सुटतो वगैरे. अक्का म्हणाल्या, “त्यात काय, आमच्या मुरुमची कडक भाकर म्हैनाभर ऱ्हाती. तुझ्या आईची दुसऱ्या दिशी तरी ऱ्हाती का?” मला राग आला. दुसऱ्या दिवशी कडक भाकरींची ही एवढी चळत घरी आली, वर शेंगाचटणी. रागावून सगळी खाल्ली.

दुखण्यातही त्या मागं राहायच्या नाहीत. “अक्का, माझा गुडघा धरलाय,” म्हटलं की म्हणायच्या, “एकच? माझे दोनीबी धरलेत, आन् वर टाच.” बोलता बोलता तेलाची वाटी आणून माझाच गुडघा चोळायला बसायच्या.

धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर मला टायफॉइड झाला. अंगावर दूध नाही, पोर रडून लाल. गावातल्या बायका तांब्या-तांब्या दूध घेऊन येत होत्या. अक्का संध्याकाळी आल्या त्या हातात दाव्यासकट म्हैस घेऊन.

“तांब्यानं काय हुतंय? बांध हिला हितं,” त्यांनी आमच्या मालकांना सांगितलं.

“अहो अक्का, ठेवू कुठं?”

“दारात. तू हायेस न्हवं दारातच हुबा? जरा सरक.”

ती म्हैस महिनाभर आमच्या दारात होती. अक्का दोन वेळा येऊन धार काढायच्या. मालक शेण काढताना कुरकुरले, तर म्हणाल्या, “शेणबी देतेय फुकट, आन् तोंड वाकडं करतोस?” तो धाकटा आता सहा फूट आहे. त्याची उंची आपल्या म्हशीची आहे, असं त्या कुणालाही सांगायच्या.

येळवशीला मात्र आमची उघड लढाई. माझ्या भज्जीत पंधरा जिन्नस असले तर त्यांच्या सोळा. माझ्या कोपीवर वीस माणसं जेवली तर त्या रस्त्यावर उभ्या राहून जाणारी मोटारसायकल अडवायच्या. पाहुणा ‘साकु, साकु’ म्हणजे ‘पुरे, पुरे’ असं त्यांच्याच कानडीत विनवायचा. त्या वेळी अक्कांना कानडी येत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले होते. मी विचार केला, म्हातारीला एवढं कशाला पळवायचं? त्या साली मी भज्जीत नऊच जिन्नस घातले आणि चारच घरं बोलावली. अक्कांनी माझी भज्जी बोटानं चाळून बघितली.

“वाल कुठं गेला? चुका कुठं गेला?”

“मिळाला न्हाय, अक्का.”

“खोटं बोलू नकोस. तुझ्या परड्यात चुका माजलाय. माझ्यासाठी खाली बसलीस व्हय?” त्यांचे डोळे भरले होते, रागानं. “बसलेल्या मानसापेक्षा उंच हून मी काय करू, पोरी?”

पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चूक माझी होती. पुढच्या साली मी अठरा जिन्नस घातले, त्यांनी एकोणीस, आणि आमची लढाई परत सुरू झाली.

यंदा दिवाळीनंतर त्या न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. लेकानं सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं, आणि त्या तिथंच त्याच्या घरी राहिल्या. चतुर्दशीच्या त्या संध्याकाळी शेंगा सोलून संपल्यावर मी त्यांना फोन लावला.

“अक्का, उद्या येळवस. यंदा वीस जिन्नस घालतेय.”

“घाल बाई. तुझंच चांगलं असतंय.”

मी फोन कानापासून लांब धरून नंबर बघितला. बरोबर होता. मग लेकानं फोन घेतला. “काकू, हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात चालवा, नाहीतर कायमची अंथरुणाला खिळेल. पण ती पाय खालीच सोडत नाही. हातापाया पडलो. म्हणते, आता कशाला?”

रडून काही होणार नव्हतं. मी भावकीतल्या पोराची जीप सांगून ठेवली. भज्जी सुनेवर सोपवली. मालकांना म्हटलं, अक्कांच्या रानात कडबा नेऊन टाका, पण कोप घालू नका.

सकाळी आठला मी सोलापुरात त्यांच्या खाटेपाशी होते. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. मी पायाही पडले नाही आणि तब्येतही विचारली नाही.

“अक्का, यंदा माझ्या कोपीवर पन्नास मानसं हायेत. सांगायला आले.”

मी खाटेच्या कडेला टेकले.

“तुमच्या रानात कोपच न्हाय. सगळी माझ्याकडंच जेवतील. आता दरसाल तसंच.”

लेक माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता. मी त्याला हातानं गप्प केलं.

भिंतीकडून आवाज आला. “पन्नास?”

“पन्नास.”

“भज्जी कोन करतंय?”

“सून.”

“ती पोरगी?” अक्का वळल्या. “डाळीचं पीठ जास्त घालती ती. पेंड करून ठेवंल. आन् तू हितं काय करतीस, बावळट? कडबा तरी टाकलाय का माझ्या रानात?”

“टाकलाय.”

“मग कोप कवा घालनार? जेवनं झाल्यावर?”

त्यांनी चादर बाजूला केली. आधी एक पाय खाली सोडला, मग दातओठ खात दुसरा. मी वॉकरवरचा टॉवेल काढून लेकाच्या खांद्यावर टाकला आणि वॉकर त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. धरायला हात मात्र पुढे केला नाही.