बुडबुडा मधोमध

पाचरला दार करायला सांगा. असं दार करून देईल की तुमची नातवंडं त्याला लटकून झोके घेतील, तरी बिजागरी हलायची नाही. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण कुठलीही वस्तू हातात आली की हा तिच्यात एक तरी पाचर ठोकणारच, म्हणून वर्कशॉपात सगळे त्याला पाचर म्हणत. 'मजबूत झालं पाहिजे' एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. अशा माणसाच्या हातात विमान देऊ नये. पण दिलं, आणि देणारा त्याचाच धाकटा भाऊ.

धाकटा बस चालवायचा. दोन वर्षं तो सांगत होता, "दादा, बाजूचं नीट दिसत नाही रे," आणि हा दोन वर्षं एकच सांगत होता, "चष्मा बदल." मग एका सकाळी डावीकडून आलेला सायकलवाला धाकट्याला दिसलाच नाही. नशीब त्या सायकलवाल्याचं, थोडक्यात वाचला. धाकट्याने बस तिथेच बाजूला उभी केली, चावी डेपोत देऊन टाकली आणि चालत घरी आला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडून आत मिटत आली आहे, मधोमध बटणाएवढी उरली आहे, तीही दोन-तीन महिन्यांची. जे बघायचं असेल ते बघून घ्या.

आता सांगा, अशा वेळी माणूस काय मागेल? डोंगर मागेल, समुद्र मागेल. याने मागितलं काय, तर त्याचं विमान. वर्षभर ड्युटीवरून आल्यावर खपून त्याने ते रिमोटवरचं विमान बांधलं होतं. शिकाऊ माणसासाठी असतं तसं, पंख पाठीवर, चाल संथ, रंग पिवळा. ते एकदा उडताना बघायचं होतं. स्वतः उडवणं आता शक्य नव्हतं, कारण बटणाएवढ्या नजरेतून ते कधी निसटेल त्याचा नेम नाही. गावाबाहेरच्या मैदानावर असली विमानं उडवणारी मंडळी यायची, त्यांतल्या कोणीही आनंदाने उडवून दाखवलं असतं.

"परक्याने कशाला? मी मेलोय का?" पाचर कडाडला. "मी शिकतो, मी दाखवतो तुला." त्या 'चष्मा बदल'चा सल होता तो. दुसरं काय!

पहिल्या दिवशी विमान छान वर गेलं. वळून समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, हे धाकट्याने शंभरदा बजावलं होतं. पाचरने ऐन वेळी नको तेच केलं, आणि धाकट्याला काही दिसायच्या आत विमान मातीत. पंख फाटला, शेपूट मोडलं.

"होतं असं," धाकटा म्हणाला. "दोन दिवसांत चिकटव. हलकंच ठेव पण."

"हलकं? हे लाकूड आहे की बिस्किट? बोटाने मोडतंय! या वेळी तुटलं तर नाव बदलीन."

दोन दिवसांचे अकरा दिवस झाले. शेपटाच्या दोन्ही बाजूंना सागवानाच्या पट्ट्या, आत प्लायवूडचे तुकडे, वरून फायबरची पट्टी, आणि हा गोंद वाळला की त्यावर दुसरा. पाचरची बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, विमान करताय की कपाट?"

"तू डबा ठेव आणि जा."

"जाते. कप्पे तेवढे मोठे करा."

धाकट्याने फक्त एवढंच विचारलं, "तोल बघितलास ना?"

"बघितला. अगदी काट्यावर आहे."

दुसऱ्या खेपेला विमान धावलं, जमीन सुटली, आणि बिथरलेल्या बैलासारखं तोंड वर करून उभंच राहिलं. क्षणभर तसंच टांगलं आणि धाडकन पडलं. पाचरला वाटलं, शेपूट अजून कच्चं आहे. आणखी पट्ट्या. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच. आणखी पट्ट्या. प्रत्येक खेपेला पंधरा दिवस जात होते, आणि इकडे धाकटा चहा कपाच्या बाजूला ओतायला लागला होता. एकदा तो शेपूट चाचपायला पुढे झाला, तर पाचर वस्सकन अंगावर आला. "तू हात लावू नको! पाडशील!" धाकट्याने हात मागे घेतला. त्यानंतर त्याने पुन्हा म्हणून हात पुढे केला नाही.

पाचरची झोप उडाली होती. रंधा मारता मारता मधेच थांबून तो बोटांवर आठवडे मोजायचा. देवाला शिव्या द्यायचा, मग लगेच माफी मागायचा. कामगारांवर खेकसायचा. नऊ आठवडे गेले.

दहाव्या आठवड्यात धाकटा भिंतीला हात लावत लावत वर्कशॉपात आला आणि स्टुलावर बसला. "दादा, एकदा माझ्या हातात दे. पाडत नाही."

त्या आवाजापुढे पाचरचं काही चाललं नाही. धाकट्याने पंखांच्या पुढच्या कडा चाचपल्या, तिथून थोडं मागे दोन्ही पंखांखाली एकेक बोट टेकवलं आणि विमान अलगद उचललं. शेपूट दाणकन खाली गेलं.

"दादा, तोल कसा बघितला होतास?"

"कसा म्हणजे? लेव्हलची नळी ठेवून. पंखांवर. बुडबुडा मधोमध होता!"

धाकटा आधी खो खो हसला. "अरे, ती दाराची लेव्हल! डावा-उजवा तोल दाखवते. विमानाचा तोल पुढे-मागे बघतात, असा बोटांवर. शेपूट जड झालं की विमान तोंड वर करतं आणि पडतं." मग त्याचं हसू ओसरलं. "आधीच हातात दिलं असतंस तर..."

भावाच्या डोळ्यांत उरलेले साठ-सत्तर दिवस, आणि ते पाचरने गोंद वाळवण्यात घालवले होते. ठोकलेली पाचर जन्मात परत न काढणारा हा माणूस, पटाशी घेऊन सागवानाची एकेक पट्टी उपटत बसला. हात कापला, तिकडे बघितलंही नाही. धाकटा बोटांवर विमान तोलून सांगत होता, "अजून... अजून काढ..." शेवटी नाक किंचित खाली झुकून विमान त्याच्या बोटांवर स्थिर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान उडालं. उडालं म्हणजे काय, जमीन कधी सोडली ते कळलंसुद्धा नाही. पाचरने जपून वळण घेतलं, समोरून येताना डावं-उजवं सांभाळलं आणि ओरडला, "छोट्या! दिसतंय का रे?"

"दिसतंय, दादा! मस्त दिसतंय. पिवळं पिवळं!"

पाचरने मान वळवून बघितलं. कपाळावर हात धरून धाकटा हसत होता, आणि त्याचं तोंड भलतीकडेच होतं, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे काहीच नव्हतं.

त्याने रिमोट घट्ट धरला आणि विमान वळवलं, भाऊ बघत होता तिकडे. आणखी खाली, आणखी जवळ. दिसेल, आता दिसेल.

धाकट्याने आवाजाकडे कान दिला. "दादा, तिकडे नको आणूस. तिकडे विजेच्या तारा आहेत."

पाचरने ऐन वेळी विमान काढून घेतलं आणि कसंबसं खाली आणलं. चाकं टेकली, विमान थोडं घरंगळलं आणि थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते धड परत आलं होतं. पाचर धावत जाऊन विमानाशेजारी बसला. धाकटा त्याच्या नाक ओढण्याच्या आवाजावर चाचपडत आला, गुडघ्यांवर बसला, आणि त्याची बोटं पंखावरून, पाठीवरून, शेपटापर्यंत फिरली.

"कुठे काही मोडलेलं नाही, दादा," तो म्हणाला. "मग रडतोस कशाला?"