नंदीछाप बिल्ल्याचा व्यापारी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी देवाच्या आधी आमच्या शाळेतल्या उर्दूच्या मौलवीसाहेबांचं नाव घेतो. देवानं मला मेंढपाळाच्या घरी जन्माला घातलं आणि पुढं लक्ष दिलं नाही. मौलवीसाहेबांनी दिलं. चौथीनंतर वडिलांनी मला शाळेतून काढलं, तेव्हा ते आमच्या वस्तीवर तीनदा चालत आले. तिसऱ्या खेपेला वडील म्हणाले, "साहेब, पोरगं शाळंत बसलं तर मेंढरं कोण राखील?"

"मेंढरं तुम्ही राखा," मौलवीसाहेब म्हणाले, "याला मी राखतो."

त्यांनी मला राखलं ते थेट हैदराबादेत बी.ए. होईपर्यंत. वस्तीवरचा पहिला पदवीधर मी. पदवीचा उपयोग काय, हे वस्तीला कळलेलं नव्हतं. मलाही नव्हतं.

ही निजामी अमलातली गोष्ट. महायुद्धाच्या दिवसांत बाजारातली चिल्लर गायब झाली, तेव्हा दुकानदारांनी आपापले पितळी नाहीतर पत्र्याचे बिल्ले पाडले. सुट्ट्या पैशांऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर बिल्ला ठेवायचा, आणि तो चालायचा फक्त त्याच दुकानात. पुढं चिल्लर परतली आणि बिल्ले तांबटाच्या मोडीत गेले. त्या मोडीतून वेचून मौलवीसाहेबांनी पिशवीभर बिल्ले जमवले. नोकरी संपल्यावर ते हैदराबादेला मुलाकडं राहायला गेले आणि कुठला बिल्ला कुठल्या व्यापाऱ्याचा, यावर त्यांनी निबंध लिहायला घेतला. विद्वानांच्या एका सभेत तो वाचायचा होता. याच सभेनं त्यांना आजवर खेड्यातला मास्तर म्हणून मागच्या सतरंजीवर बसवलं होतं.

एकच बिल्ला अडला. पितळेचा, एका बाजूला नंदी, दुसरी बाजू कोरी, कडेला भोक. तो त्यांनी मला पाठवला, सोबत चिठ्ठी: 'तुमच्या भागातला आहे. मालक शोध.' त्यांनी आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

मी तेव्हा उस्मानाबादेत एका कचेरीत कारकून होतो. निजामीत शुक्रवारी कचेरी बंद असे, त्या दिवशी मी संशोधक होई. माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. नंदी म्हणजे महादेव, महादेव म्हणजे लिंगायत, लिंगायत म्हणजे व्यापारी. तीन पायऱ्यांत मी बाजारपेठेत पोचलो. दोन महिने गावोगावच्या पेढ्या पालथ्या घातल्या. सगळे बिल्ला उलटसुलट करून बघत, चहा पाजत आणि 'आमचा न्हाय' म्हणत.

शेवटी लोहाऱ्याला एका धान्याच्या पेढीवर गेलो. मालक म्हातारे, कपाळभर विभूती, सगळे त्यांना अप्पा म्हणत.

"अप्पा, हा बिल्ला तुमच्या दुकानाचा का?"

अप्पांनी आधी नंदीकडं पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं. "समोरच्यानं काय सांगितलं?"

"त्यांचा नाही म्हणाले."

"न्हायच त्याचा. त्याची कुठली ऐपत बिल्ला पाडायची! आमचाच हाय."

मी घाईनं वही उघडली. "मग अप्पा, हे भोक कशासाठी?"

"तुमी शिकलेली माणसं, तुमीच सांगा."

मी सांगितलं. युद्धात पितळेची टंचाई होती, म्हणून प्रत्येक बिल्ल्यातून थोडं थोडं पितळ काढून वाचवलं असणार.

"आगदी बरोबर," अप्पा म्हणाले. "मी हेच सांगणार हुतो."

आतून एका बाईनं कानडीत काहीतरी विचारलं. अप्पांनी तिला दोन शब्दांत गप्प केलं. मला कानडी येत नाही, त्यामुळे संशोधन बिनअडथळा पुढं गेलं.

मी मौलवीसाहेबांना आठ पानं लिहून धाडली. उत्तर आलं: 'नंदीछाप बिल्ला हा आता निबंधाचा कळस आहे. भोकाबद्दलचा तुझा विचार जसाच्या तसा घेतला आहे.' ते पत्र मी कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. शिपायाला दोनदा.

पुढच्या शुक्रवारी वस्तीवर गेलो. सदरा काढून खुंटीला लावताना खिशातला बिल्ला खाली पडला. वडिलांनी उचलला.

"वाशीच्या म्हातारीचा बिल्ला तुझ्याकडं कसा?"

"कुठली म्हातारी?"

"बाजारादिशी बैल सांभाळती ती. तिच्या आवारात बैल बांधायचा. एक बिल्ला बैलाच्या शिंगाला, तसलाच दुसरा आपल्या करदोड्याला. सांच्याला दोन्ही दाखवलं की बैल सुटतो."

"आणि भोक?"

वडील लंगड्या मेंढराकडं बघत, तसं माझ्याकडं बघायला लागले. "दोरी कुठनं ववायची मंग?"

"दोन महिने मी याच्यासाठी फिरतोय. तुम्ही बोलला का नाही?"

"मला कवा दावलास? तू यापाऱ्यांस्नी इचारत हुतास. मी काय यापारी हाय?"

तरीही एक आशा होती, ती म्हणजे वडील चुकले असतील. पुढच्या बाजाराला कचेरी बुडवून आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेलो. म्हातारी कडब्याच्या ढिगाला टेकून तंबाखू मळत होती. मी बिल्ला पुढं केला. तिनं उठायचीही तसदी घेतली नाही; मागच्या खुंटीवरची दोरी ओढली, तर तिच्यात तसलेच वीस-पंचवीस बिल्ले ओवलेले. सगळ्यांवर नंदी.

"आजी, नंदीच का काढला?"

"बैलाचा बिल्ला हाय. मंग काय त्याच्यावर उंट काढू?"

"आणि एखाद्याचा बिल्ला हरवला तर?"

"बैल मोकळा सोडायचा. ज्याच्या मागं जाईल त्याचा."

"कुणाच्याच मागं गेला नाही तर?"

"तर माझा," ती म्हणाली. बिल्ला व्यापाऱ्याचा समजून मी दोन महिने फिरलो, हे सांगितल्यावर तिनं विचारलं, "पर तुला ह्यो कुणी यापाऱ्याचा म्हणून सांगितला?"

मी लोहाऱ्याच्या अप्पांचं सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. "त्यानं जन्मात कदी इथं बैल न्हाय बांधला! त्याला म्हणावं, शिंगाला बिल्ला बांधून ये. बघू कोण सोडवून नेतंय."

परत येताना मोटारीत मी हिशोब मांडत होतो. सभा दहा दिवसांवर. गप्प बसलो तर निबंध वाचला जाईल, विद्वान माना डोलावतील, मौलवीसाहेब पुढच्या सतरंजीवर जातील. पण वाशीला नोकरी करून गेलेला एखादा जुना अंमलदार त्या सभेत बसलेला असला, तर तो उठून एकच प्रश्न विचारील आणि माझ्या भोकातून मौलवीसाहेबांची सगळी अब्रू गळून जाईल. तरी पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. मूळ उर्दूत होतं; मराठी करून देतो.

'जनाब मौलवीसाहेब,

आदाब. नंदीच्या बिल्ल्याबद्दल मी तुम्हाला आठ पानं लिहिली. त्यातली "बिल्ला पितळेचा आहे" एवढी ओळ खरी आहे. बाकी सगळं निबंधातून काढून टाका. भोकाचा परिच्छेद सगळ्यांत आधी काढा.

बिल्ला वाशीच्या बाजारात बैल सांभाळणाऱ्या एका बाईचा आहे. हकीकत चार पानांत सोबत जोडली आहे. या वेळी मी माझं डोकं चालवलं नाही, ती बोलली ते उतरवलं. लोहाऱ्याच्या व्यापाऱ्यांना खोटं ठरवू नका. मी त्यांच्या तोंडात उत्तर घातलं आणि त्यांनी ते पाहुणा नाराज होऊ नये म्हणून गिळलं.

निबंधाचा कळस उतरला, याची मला लाज वाटते. सभेत पहिल्या माहितीबद्दल कोणी विचारलंच तर माझं नाव, गाव, कचेरी सगळं सांगा. तुमच्यावर काही घेऊ नका. टपालावर भरवसा नाही म्हणून हे पत्र मोटारवाल्याच्या हाती देतो आहे.

आणखी एक कसूर झाली आहे. बिल्ला तुम्हाला परत पाठवता येत नाही. म्हातारीनं तो काढून घेऊन आपल्या दोरीत ओवला. मी खूप विनवलं. म्हणाली, "तुझ्या मास्तरास्नी बिल्ला पायजे असंल तर बैल घेऊन या म्हणावं."

आपला शागीर्द'