हेडफोनमधला खोकला

मी हे किस्से रचते, असा मैत्रिणींना संशय आहे. अगं, रचायला वेळ कुठे होता? कोविडच्या लाटेत मी नेरूळला घरी बसून एका डॉक्टर मॅडमचे व्हिडिओ कॉल जोडून द्यायचे. रिंग वाजली की नवा किस्सा! कॉलमधून कोरोना येत नाही, हे मलाही कळत होतं. तरी समोरचा खोकला की मी हेडफोन सॅनिटायझरने पुसायचे.

*

जुईनगरच्या एका काकांना मॅडमवरच डाउट.

"ह्या खऱ्या आहेत की रेकॉर्डिंग?"

मॅडमनी हात हलवला.

"आता डावा हलवा."

मॅडमनी डावाही हलवला.

"ओके. आता माझा खोकला ऐका!"

*

कांदा मार्केटमधले एक माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याचे. पॉझिटिव्ह आलेले.

"घरीच हाय मॅडम. खोलीतनं पाय बाहेर न्हाई."

मागून हाळी आली, "ओ पाटील, कांद्याची गाडी खाली करायचीय!"

मॅडम स्क्रीनजवळ वाकल्या.

"टीव्ही हाय, मॅडम."

"मग टीव्हीला सांगा, पाटील चौदा दिवस सुट्टीवर आहेत!"

*

एका आजींना मॅडम म्हणाल्या, "घसा दाखवा." आजींनी फोन जवळजवळ तोंडातच घातला. स्क्रीन लालभडक झाली आणि धप्पकन कवळी अंगावर आली! मी केवढ्यांदा किंचाळले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजी, घसा उत्तम आहे. आमच्या मुलीला कुणीतरी पाणी द्या."

*

आणि तळवलीचे आजोबा. गावचे जुने शेतकरी, आवाज खणखणीत. "मना दम लागतंय," म्हणत एका दमात पाच मिनिटं बोलले. मला तेव्हाच खटकलं.

मॅडम म्हणाल्या, "बोटाला ऑक्सिमीटर लावून दाखवा."

फोन हलला. आकडा आला, शहाऐंशी. मी आकड्याकडेच बघत राहिले! मॅडम मात्र बोटाकडे बघत होत्या.

"आजोबा, नेलपेंट कधीपासून लावता?"

आजोबा फोन घेऊन ओटीवर आले. आवाज एकदम खाली.

"सुनंचा बोट हाय. मशीन चालतंय का बगू, असा तिला सांगून घातला. दम तिला लागतंय. पन आस्पतालाचा नाव कारला का रडते. म्हन्ते, तिकरं गेलेला मानूस परत येत नाय."

"आजोबा, तिला आत्ताच ॲडमिट करायला हवं. मी ॲम्ब्युलन्स पाठवते."

आजोबांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"पाठवा. पन माज्या नावानं पाठवा. मी खोकत खोकत गाडीत बसतो. मना एकट्याला ती सोडनार नाय."