भूकंपाच्या व्हॉल्व्हला केळीचा टेकू

मी मूळचा धुळ्याचा. जळगावच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइन आणि क्वालिटी अशी दोन खाती सांभाळत होतो. म्हणजे चूक करणं आणि तीच तपासून पास करणं, ही दोन्ही कामं एकाच खुर्चीवरून होत. शेठना अणुवीज प्रकल्पाची बारा व्हॉल्व्हची ऑर्डर मिळाली तेव्हा त्यांनी कारखानाभर पेढे वाटले. ऑर्डरमधली भूकंपाची अट मी पेढा खाता खाता वाचली.

अट अशी होती की बारांपैकी एक व्हॉल्व्ह दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे तो हलत्या टेबलावर आवळून भूकंपासारखा गदागदा हलवणार, आणि हलत असतानाच त्याने उघडून-मिटून दाखवायचं. खरा भूकंप आला आणि नेमका तेव्हाच व्हॉल्व्ह अडकून बसला तर काय होईल, हे मी सांगायला नको. उरलेल्या अकरांना परीक्षा नाही. ते परीक्षा दिलेल्या भावासारखेच हुबेहूब आहेत, असं प्रमाणपत्र माझ्या सहीने जायचं. धुळ्याला आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एकानं पेपर द्यायचा आणि बाकीचे पास?" तुला नाही कळायचं, असं म्हणून मी विषय संपवला.

व्हॉल्व्ह जोडायचं काम नानांकडे होतं. नाना चोपड्याकडचे, घरची केळीची शेती, शिक्षण चौथी, आणि हयात फिटर म्हणून गेलेली. पहिला व्हॉल्व्ह उभा राहिला. कमरेइतका उंच, वर लांब मान आणि मानेवर मोटर. नानांनी मोटरवर तळवा ठेवून ती हलकेच ढकलून पाहिली.

"भाऊ, येनं डोकं जड शे," ते म्हणाले. "केळीले घड उना का आपण टेकू देतस ना? तसा येले बी द्या. नहीते मान मोडी जाई."

मी हसलो. नुसता हसून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी खडू घेऊन फळ्यापाशी गेलो. प्रत्येक वस्तूची झुलायची आपली एक लय असते, ती जमिनीच्या लयीत सापडली तरच धोका, आणि माझ्या गणिताप्रमाणे आपली मान चांगली ताठ आहे, असं मी अर्धा तास समजावलं. नाना ऐकत होते आणि मी नाकाने कांदे सोलत होतो.

पेटी बंद होण्याआधी तपासणीचा तक्ता भरावा लागतो. त्यावर 'ड्रॉइंगप्रमाणे आहे' असं छापलेलं असतं, खाली सह्या. ग्राहकाचे तपासनीस आले त्या दिवशी शेठनी त्यांच्यासाठी भरीत-पुरीचा बेत ठेवला होता. ऊन मी म्हणत होतं, जोडणीचं शॉप लांब होतं आणि भरीत फक्कड जमलं होतं. तपासणी भरितावरच झाली. तपासनिसांनी सही केली, उत्पादन पाहणाऱ्या शेठच्या पुतण्याने केली, मीही केली. व्हॉल्व्हकडे कोणी गेलंच नाही.

प्रयोगशाळेत व्हॉल्व्ह पास झाला. पुन्हा पेढे आले आणि पाठोपाठ फोटोंसकट रिपोर्ट आला. तो चाळताना माझा पेढा घशात अडकला. फोटोतल्या व्हॉल्व्हच्या मानेला दोन तिरक्या पट्ट्या होत्या, बोल्टने आवळलेल्या, वर तोच रंग. प्रयोगशाळेने समोरून, बाजूने, वरून फोटो काढले होते आणि पेटीतून जे निघालं ते इमानेइतबारे हलवलं होतं.

मी तरातरा शॉपमध्ये गेलो. नानांनी काही लपवलं नाही. "हा, मी दिधा टेकू. वेल्डिंग नही करं, बोल्ट लायात. पयला पोरगा परीक्षाले जाई ऱ्हायना व्हता."

टेकू उगाचचा होता हे सिद्ध करायला मी गणित पुन्हा मांडलं. मोटरचं वजन मी जुन्या कॅटलॉगमधून घेतलं होतं. नवी मोटर गिअरबॉक्ससकट आली होती, चांगलीच जड. टेकूशिवाय ती मान बरोबर भूकंपाच्या लयीत झुलणार होती. आणि शॉपमध्ये अकरा व्हॉल्व्ह टेकूशिवाय, रंग लावून तयार उभे होते. मी घाबरलो.

शेठ मात्र शांत. "रिपोर्ट पास आहे ना? तो नग परत आला की टेकू काढून टाका. मग बाराही सारखे." त्यांनी प्रमाणपत्र माझ्यापुढे सरकवलं.

मी सही केली नाही. या हकिकतीत माझं शौर्य एवढंच, म्हणून नोंदवून ठेवतो. तपासलेल्या नगावर जादा भाग होता, असं मी ग्राहकाला कळवलं. टेकू काढून पुन्हा चाचणी झाली. व्हॉल्व्हची मान अशी झुलली की आतला दांडा अडकला आणि तो अर्धवट उघडाच राहिला. मग टेकू ड्रॉइंगमध्ये आला, त्याला नंबर मिळाला, आणि तिसऱ्या चाचणीत व्हॉल्व्ह पास झाला.

आता एक फॉर्म भरायचा राहिला होता. त्यात 'चुकीचं मूळ कारण' असा रकाना होता. "गणित चुकलं असं लिहिलंत तर तुमची आधीची सगळी गणितं उकरतील," शेठ म्हणाले. ते खरंच होतं. दुरुस्त केलेलं गणित मी 'सुधारित आवृत्ती' म्हणून गुपचूप जोडलं आणि रकान्यात लिहिलं: फिटरने परवानगीशिवाय मनाने बदल केला. उपाय: फिटरला प्रशिक्षण. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायलाही चोरच.

प्रशिक्षण मीच दिलं, त्याच फळ्यावर. समोर एकटे नाना. मी खडूने व्हॉल्व्हचं चित्र काढलं, त्याला टेकू दाखवला आणि म्हणालो, ड्रॉइंगमध्ये नसलेलं काही आपल्या मनाने लावायचं नाही. टेकू असलेल्या नव्या ड्रॉइंगवर 'डिझाइन केले' या चौकटीत माझी सही होती. बोलताना मला माझीच लाज वाटत होती, तरी मी सगळं शेवटपर्यंत बोललो.

मग हजेरीचा कागद पुढे केला. प्रशिक्षण कशासाठी, ते वर लिहिलेलं होतं. नानांनी खिशातून चष्मा काढला, फडक्याने पुसला आणि ओठ हलवत पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. त्या कारखान्यात सहीआधी कागद वाचणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

"नाना, नुसती सही करायची आहे," मी म्हणालो.

ते वाचत राहिले. 'फिटरने परवानगीशिवाय' या ओळीवर बोट थांबलं.

"हाई कोनी लिखं?"

"मी."

"अक्षर चांगलं शे तुमनं," नाना म्हणाले. खाली त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं, चष्मा खिशात ठेवला आणि पाना उचलून उरलेल्या अकरांना टेकू लावायला गेले.