भाऊबीजेचा वाढदिवस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तुम्ही माझे कोण? कोणी नाही, म्हणूनच असेल.

मंडईत माझा फळांचा गाळा आहे. आईची पालेभाजीची पाटी होती, तिथून मी इथवर आले, कुणाच्या वशिल्यानं नाही. भावात मला कोणी हरवत नाही आणि राग माझ्या नाकावर असतो, हे कुणालाही विचारा. खरंच आहे ते. पण तो नुसता नाकावर राहिला असता तर —

थांबा. आधी खो-खोचं सांगते.

तेव्हा मी शाळेत होते. आमच्या क्लबात माझ्यासारखा पाठलाग करणारी मुलगी नव्हती; हे मी नाही, सर म्हणायचे. जिल्ह्याच्या कुमारी संघात मी असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. यादी लागली. बारा नावं, आणि राखीव म्हणून तेरावं माझं. बारावी होती नीला — आमच्याच क्लबातली, नोकरदाराची, हळू बोलणारी. निवड समितीतले एक गृहस्थ सरांना म्हणाले, आणि मी मागेच उभी होते, "मंडईतली ना ती? आवाज आहे हो, शिस्त नाही."

ते गृहस्थ पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडून आंब्याची पेटी नेत. मला ओळखलं नाही त्यांनी. खालच्या थरात दोन नासके ठरलेले असत. याची कबुली देत नाहीये मी. हे आनंदानं सांगते.

मी मैदानावर जाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईच्या पाटीमागं मेथीच्या जुड्या बांधत होते, तर अख्खा क्लब मंडईत! आल्या आणि पाट्यांच्या मधल्या वाटेत ओळीनं बसल्या — खो-खोत बसतात तशा, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. मधली एक जागा रिकामी. सर हाताची घडी घालून उभे.

"सुनंदा, जागा मोकळी आहे. येतेस, की आम्ही इथंच खेळू? लोकांना भाजी घ्यायची आहे."

आई म्हणाली, "जा गं बाई, गिऱ्हाईक तटलंय माझं."

मी गेले. सर रोज अर्धा तास जादा घेऊ लागले, मुली आपणहून थांबत. आणि नीला? ती सरावाआधी मंडईत येऊन माझ्याबरोबर जुड्या बांधायची, मला उशीर होऊ नये म्हणून. एकदा म्हणाली, "माझ्या जागी तूच हवी होतीस गं." मनापासून म्हणाली. आणि मला काय वाटलं असेल? माझी जागा घेऊन वर मलाच मदत करते आहे ही! कोणी शिवी दिली तर मी परत देते. दयेचं काय करायचं?

आमच्या वेळी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहून टाकत. आम्हा दोघींची जन्मतारीख एक जूनच होती. मेथी बांधताना त्यावरून हसणं झालं. नीला म्हणाली, "मी खरी त्या जूनच्या आदल्या भाऊबीजेची. आई आणि मी सोडून कोणाला माहीत नाही." मी म्हटलं, मी त्याच वर्षीच्या नवरात्रातली.

स्पर्धेला वयाची अट होती. भाऊबीज धरली तर नीला अटीबाहेर जात होती. नवरात्र धरलं तर मीही — तिच्याआधी.

त्या आठवड्यात मी समितीला पत्र लिहिलं. डाव्या हातानं. खाली नाव नाही. 'यादीतली बारावी मुलगी वयानं मोठी आहे. महापालिकेचं जन्माचं दप्तर पाहावं.' तिचा जन्म दवाखान्यातला, नोंद सापडली. माझा घरी झालेला, नोंदच नव्हती. हे सगळं मी आधी पाहून ठेवलं होतं. सौदा करण्याआधी मी माल पाहते.

समितीनं तिला बोलावलं. सर पुढं झाले आणि म्हणाले, "अर्ज मी भरला, चूक माझी. मुलीला बोलू नका." त्यांच्याकडून माफी लिहून घेतली. आणि नीला — तिला माझं नवरात्र माहीत होतं. एक शब्द पुरला असता. ती गप्प राहिली.

तिचं नाव गेलं, माझं आलं. कुमारी गटातून ती कायमचीच गेली. पुढं खेळाडूंसाठी राखीव जागांमधून मिळू शकली असती ती नोकरीही गेली.

मग ती मैदानावर येईना. आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो आणि जिन्याच्या पायऱ्यांवर साखळी करून बसलो. ती सगळ्यात खालच्या पायरीवर, गुडघ्यांत डोकं घालून. सर मला म्हणाले, "तिला खो तू दे. नाकारलं जाणं काय असतं ते तुला कळतं."

मी गेले. तिच्या पाठीवर तळवा ठेवला. पाठ हलत होती. मी म्हटलं, "खो." आणि ती उठली हो. लगेच उठली.

मी स्पर्धा खेळले. प्रमाणपत्र गाळ्यात गल्ल्यामागं लावलं आहे, त्यावर एक जून आहे. जुन्या मुली भेटल्या की नीला आजही सांगते, "सुनंदानं खो दिला म्हणून मी उठले." ती गाळ्यावर आली तर मी भाव करत नाही. मंडईत एवढी एकच.

तेव्हा घाव घालायचा होता त्या गृहस्थांवर. ते लांब होते, नीला हाताशी होती. एवढंच. याला दुसरं काही नाव नाही.

दर भाऊबीजेला मी तिला वाढदिवसाचा फोन करते. तिच्या मुलांनाही ती तारीख माहीत नाही, ते जूनमध्ये केक आणतात. ती दरवर्षी तेच म्हणते, "तुलाच बरं लक्षात राहतं गं." ती तारीख तिनं तेव्हा फक्त मलाच सांगितली होती.