दोन मीटर आणि उमरेडचा माग

श्रावणभाऊ निखारे गॅस बंद केलाय का हे आधी बायकोला विचारत आणि मग स्वतः जाऊन पाहत. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेला माणूस. ड्रममधलं पाणी किती हे दाखवणारे दोन मीटर असत, आणि दोन्ही जुळल्याशिवाय श्रावणभाऊंनी वहीत कधी आकडा चढवला नाही. निवृत्त होऊन नागपूरला सक्करदऱ्यात राहायला आले तरी खोड गेली नाही. घरात भिंतीवरची घड्याळं दोन, तापमापक दोन. कौसल्याबाई म्हणायच्या, "बायका दोन नाही केल्या, हेच माझं नशीब."

अशा माणसाने नेमकी मीटर पाहण्यातच माती खावी, याचं त्यांना अजून नवल वाटतं. नवल थोडं, लाज फार.

झालं असं. ऑगस्टच्या शेवटी कोराडीच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यात एक लाल गोळा गरगरत होता आणि भारदस्त हिंदीत कोणी बुवा सांगत होता, की सूर्यामागे लपलेला एक ग्रह निघालाय, तेवीस सप्टेंबरला तो पृथ्वीवर आदळणार, आणि मोठमोठ्या देशांनी ही गोष्ट दाबून ठेवली आहे. श्रावणभाऊंनी नाक मुरडलं. हा झाला एक मीटर, दुसरा कुठाय?

दुसरा घरातच होता. त्यांची लेक रुचिका विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. ती निघायच्या गडबडीत केस विंचरत असताना त्यांनी दारातूनच विचारलं, "काय वं, आपल्या सूर्यमालेत न सापडलेला एखादा ग्रह असू शकते काय?"

"असू शकते ना बाबा. शास्त्रज्ञ शोधून राहिले," ती म्हणाली आणि स्कूटी काढून गेलीसुद्धा.

झालं, दोन्ही मीटर जुळले. श्रावणभाऊंनी व्हिडिओ चार ग्रुपवर पुढे ढकलला आणि खाली स्वतःची ओळ जोडली: 'शास्त्रज्ञसुद्धा मान्य करून राहिले.' त्या संध्याकाळी तलावाकाठी फिरायला गेले तर विक्रम नावाचा त्यांचा जुना सहकारी आणखी तिघांना घेऊन त्यांचीच वाट पाहत होता. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कोणी त्यांना विचारत होतं, "मंग आता पुढं काय होते, भाऊ?" आणि भाऊ सांगत होते. हात मागे बांधून, कंट्रोल रूममध्ये साहेबांना सांगावं तसं. खरं सांगायचं तर त्या गोळ्यावर त्यांचा पुरता विश्वासही नव्हता. पण चार माणसं कान देऊन ऐकताहेत, हे सुख त्यांना सोडवत नव्हतं.

त्याच भरात त्यांनी उमरेडला बहिणीला फोन लावला.

भागीरथाबाई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी; ते तिला नुसतं 'बाई' म्हणत. अख्ख्या निखारे घराण्यात आता एकच हातमाग उरला होता, तो तिच्याकडे. भाऊ आयटीआयला जाऊन शिकला तो या मागावर, म्हणजे बाईच्या हातापायांवर. नवरा गेल्यावरही तिने माग थांबवला नाही. सध्या रुचिकाच्या लग्नाची साडी मागावर होती. अजून लग्न ठरलं नव्हतं, पण बाईचं म्हणणं, पोरगा मिळते एकदम, साडी नाही मिळत.

"बाई, तेवीस तारखेले काही खरं नाही," श्रावणभाऊंनी सगळं रंगवून सांगितलं.

पलीकडे मागावरच्या धोट्याची खटखट थांबल्याचं ऐकू आलं. "तुया मीटरनं दाखवलं काय गा?"

"दोन्ही मीटरनं," श्रावणभाऊ म्हणाले आणि हसले. ती हसली नाही.

दहा सप्टेंबरला रुचिकाच्या मैत्रिणीकडे तो व्हिडिओ फिरत फिरत आला, खालच्या ओळीसकट. रुचिका घरी आली ती तणतणतच.

"बाबा, हे तुम्ही काहून पाठवलं? म्या असं कधी म्हटलं?" मग तिने वही ओढली आणि समजावून सांगितलं. नेपच्यूनच्या खूप पलीकडे लहान लहान बर्फाळ गोळे आहेत. त्यांतल्या काहींच्या वाटा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात, म्हणून त्यांना ओढणारं मोठं काहीतरी तिथे असावं, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दुसऱ्या काहींना तोही पटत नाही. पाहिलेले गोळेच फार थोडे आहेत, असं ते म्हणतात. असलाच तो ग्रह, तर इतका लांब की सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला हजारो वर्षं लागावीत. तो इकडे फिरकणार नाही. "अन् सूर्यामागे लपायले पृथ्वी काय एका जागी बसून राहते? पंधरा दिवसांत येऊन आदळणारा ग्रह तुम्हाले आपल्या गच्चीवरून दिसला असता, बाबा. तुम्ही एक मीटर पाण्याचा पाहिला, दुसरा वाफेचा, अन् म्हणता दोन्ही जुळले!"

श्रावणभाऊंचे कान तापले. बॉयलरवर नवख्या माणसाने अशी चूक केली असती तर त्यांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

चूक कोणाच्याही हातून होते. लाजेची गोष्ट त्यानंतरची आहे. ग्रुपवर 'मी चुकलो' एवढे दोन शब्द लिहायला त्यांचं बोट धजेना, म्हणून त्यांनी सुप्रभातची सहा फुलं टाकून तो मेसेज वर ढकलून दिला. तलावाची वाट बदलली. उमरेडचा नंबर तीनदा काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. बाईसमोर खोटं पडायचं? त्यापेक्षा ती विसरली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. एक, दोन करत बारा दिवस गेले.

बावीस तारखेला सकाळी बाईची शेजारीण वंदनाबाई दवाखान्याच्या कामाने नागपूरला आली, तिने एक पिशवी आणून दिली. "भागीरथाबाईनं सांगतलं, आजच्या आज पोरीले नेसवा."

रुचिकाने पिशवी उघडली. आत साडी होती, पण अर्धी. जांभळी, करवती काठाची, आणि एका टोकाला कात्रीने कापलेले ताण्याचे उभे धागे लोंबत होते. रुचिकाने ती खांद्यावर घेऊन पाहिली; कमरेला एक फेरा मारला की संपत होती.

"आत्यानं अर्ध्यावर काहून कापली?" तिने विचारलं, आणि तिला उत्तर सापडायच्या आत श्रावणभाऊंना सापडलं. विणकराच्या घरी जन्मलेल्याला ते कळायला वेळ लागत नाही. ताणा अर्ध्यावर कोणी कापत नाही; पुढे दिवसच उरले नाहीत असं मानणारा माणूसच कापेल. जुन्या ताण्याची टोकं मागावर ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधायचा, अशी रीत. त्यांच्या आज्यापासून तो माग कधी रिकामा झाला नव्हता.

"ते खोटं आहे म्हणून तुम्ही आत्याले सांगितलं नव्हतं? बारा दिवस?" रुचिकाने विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती साडीची घडी घालू लागली.

श्रावणभाऊ मिळेल त्या बसने उमरेडला गेले. बाई ओसरीवर बसली होती. आत माग नुसता लाकडाचा सांगाडा उरला होता; ताण्याचे धागे ओवायची फणीसुद्धा काढून, पुसून भिंतीला टेकवली होती.

"आला काय गा? बरं केलं. उद्याचा दिवस संगं राहू."

त्यांना एक सोपी पळवाट दिसली. उद्या काहीच होणार नाही. देवाने वाचवलं म्हणू, बाई हात जोडेल, विषय मिटेल. ती वाट त्यांना दिसली, याचीही त्यांना शरम वाटली.

"बाई, काही होत नाही उद्या. ते खोटं होतं. मले दहा तारखेलेच समजलं होतं."

भागीरथाबाईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "म्या अठराले कापलं."

श्रावणभाऊंनी मान खाली घातली. "कोणाले विचाराचं तरी होतं, बाई."

"काहून विचारू? भाऊ सांगून राहिला होता. अजून कोणाले विचारलं असतं तं तुयावर भरोसा नाही असं झालं असतं."

नवा ताणा सांधायला जुनी टोकं नव्हती. हजारो धागे पहिल्यापासून ओवायचे, तर ते काम करणारी माणसं उमरेडमध्ये उरली नव्हती आणि बाईचे डोळेही आता तेवढे चालत नव्हते. हे दोघांनाही माहीत होतं. तिने उठून त्यांना पाणी दिलं. गडू परत घेताना विचारलं, "मंग तो ग्रह हाय का नाही गा, खराखुरा?"

श्रावणभाऊंच्या तोंडाशी बर्फाळ गोळे, वाटा, हजारो वर्षं सगळं आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मले माहीत नाही, बाई. अजून कोणालेच माहीत नाही."

बाईने रिकाम्या मागाकडे पाहिलं. "हे तं तवाही सांगता आलं असतं," ती म्हणाली.