स्विच जिवंत होता, पेज उघडत नव्हतं

स्क्रीनवर चौथ्यांदा तेच आलं: हे कनेक्शन सुरक्षित नाही. ‘तरीही पुढे जा’ म्हणायला एरवी खाली एक बारीक बटण असतं. इथं तेही नव्हतं. सव्वाअकरा वाजले होते आणि दोन वाजता भरतीची ऑनलाइन परीक्षा होती.

तिरोड्याजवळच्या एका खासगी कॉलेजात हे सेंटर होतं. नेटवर्क सांभाळायचं काम माझ्याकडे. आदल्या दिवशी कॉलेजनं वीस नवे कॉम्प्युटर लावले होते, पण त्यांना परीक्षेचा सर्व्हर दिसत नव्हता. कारण लगेच सापडलं. सगळ्या केबल ज्या डब्यात येतात तो स्विच. त्याच्या आत कप्पे आखलेले असतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. एका कप्प्यातला कॉम्प्युटर दुसऱ्या कप्प्याशी बोलत नाही. नवे वीस कॉम्प्युटर ऑफिसच्या कप्प्यात पडले होते. कप्पा बदलणं पाच मिनिटांचं काम, पण ते स्विचच्या स्वतःच्या वेबपेजवरूनच होतं. त्या मॉडेलला दुसरी वाट नाही, आणि नेमकं तेच पेज उघडत नव्हतं.

“स्विच खराब झाला काय?” प्राचार्य पटले सरांनी विचारलं.

“नाही सर. पिंग केलं तर उत्तर देऊन राहिला. जिवंत आहे.”

नागपूरहून माझ्या बॉसचा फोन आला. “रीसेट मार दे, नए सिरे से कर.”

“सर, रीसेट केला तर चालू असलेले जुने चाळीस कॉम्प्युटरही बंद पडतील. आणि नव्यानं भरायला पेज तरी कुठं उघडून राहिलं?”

“तो क्या करेगी?”

“जुना ब्राउझर शोधते.”

ब्राउझर आणि स्विच बोलण्याआधी एक गुप्त भाषा ठरवतात. आमच्या जुन्या स्विचला जुनीच भाषा येते. ती आता फोडता येते, म्हणून नवे ब्राउझर ती ऐकूनही घेत नाहीत. चूक कोणाचीच नाही, पण काम अडतं. माझ्या कंपनीच्या लॅपटॉपवर दुसरं काही टाकायची मला परवानगी नव्हती.

बाहेर उमेदवार जमले होते. दरेकशाहून सकाळच्या गाडीनं आलेली एक बाई खिडकीशी आली. कडेवर लेकरू होतं, सासू मागे उभी.

“मॅडम, मागच्या खेपेले असंच वापस पाठवलं. आता माया शेवटचा चान्स होय. वय संपून राहिलं.”

“परीक्षा होईल,” मी म्हटलं. खात्री होती असं नाही, पण आवाज तरी नीट आला.

कॉलेजात सगळ्यात जुना कॉम्प्युटर कुठे आहे, हे मी पटले सरांना विचारलं. ते लायब्ररीत घेऊन गेले. लायब्ररियन रहांगडाले मॅडम निवृत्तीला आल्या होत्या.

“माया कॉम्प्युटर जुनाच आहे,” त्या म्हणाल्या. “अपडेट कराले मीच नाही म्हटलं होतं. सगळे हसून राहिले होते. कायले पाहिजे?”

मी सांगितलं. त्यांनी स्वतःच मागची केबल काढली. “घेऊन जा. पण पुस्तकांची यादी मिटवजो नोको. सात वर्षं लागली भराले.”

असा जुना कॉम्प्युटर इंटरनेटला लावून ठेवणं धोक्याचं, म्हणून मी तो फक्त स्विचला जोडला. पत्ता टाकला. पान हळूहळू, अर्धं-अर्धं उमटलं. पासवर्ड मागितला. नव्या कॉम्प्युटरच्या केबल जिथं लागतात ते वीस पोर्ट परीक्षेच्या कप्प्यात टाकले, अप्लाय केलं, मग सेव्हही केलं. सेव्ह विसरलं तर लाइट गेल्यावर सगळं पुसून जातं.

साडेबाराला विसांच्या वीस स्क्रीनवर लॉगिनचं पान आलं. पटले सर कडेला खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

ती बाई लेकरू सासूकडे देऊन आत गेली. तिची निवड झाली की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळी रहांगडाले मॅडमचा कॉम्प्युटर जागेवर नेऊन ठेवला. त्यांनी यादी उघडून पहिलं आणि शेवटचं नाव पाहिलं, मान हलवली. पुढच्या आठवड्यात मी स्विचचं सॉफ्टवेअर बदललं, आता तो कोणत्याही ब्राउझरशी बोलतो.

तेव्हापासून नव्या जागी गेले की मी आधी एक काम करते. यंत्र चालू आहे का ते नंतर बघते. त्याचं पेज माझ्या लॅपटॉपवर उघडतं का, ते पहिलं. आणि हे परीक्षेच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी.